स्टेशनमास्तरची दाढी

माझ्या मामाने बत्तीस वर्षं लोखंडी कपाटांना रंग मारला. कोणाच्याही घरी गेला की तो आधी कपाट शोधायचा. दारावरून तळहात फिरवायचा, मान तिरकी करून उजेडात त्याची चकाकी बघायचा आणि "आमचं नाही" किंवा "आमचंच" असं स्वतःशी पुटपुटून मग घरातल्यांची चौकशी करायचा. मामी म्हणायची, "पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हासुद्धा ह्यांनी आधी कपाट बघितलं. मी दुसऱ्या नंबरवर."

कारखान्याच्या लांबलचक शेडच्या टोकाला काचेची एक खोली होती. तिला सगळे बूथ म्हणत. आत एका वेळी एकच कपाट आणि एकच माणूस. मामा हातात स्प्रेगन घेऊन कपाटाभोवती फिरायचा, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं की हा माणूस नुसता हवेत हात हलवतोय. हात एका जागी थांबला की रंगाचा ओघळ येतो. हात घाईने पळाला की रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. मामाचा हात ना थांबायचा, ना पळायचा. नाकातोंडावर रबरी कडेचा मास्क असायचा, आणि ती कड गालाला घट्ट चिकटून बसली तरच त्याचा उपयोग. म्हणून मामा रोज सकाळी साडेसहाला दाढी करायचा. आजारपणातही करायचा. त्याच्या गालावर खुंट मी लहानपणापासून कधी पाहिले नव्हते.

एवढी शिस्त फक्त कामात. बाकी आयुष्यात मामाने अर्धवट सोडलेल्या गोष्टींची यादी मामीला तोंडपाठ होती. पेटी, तीन गाण्यांपर्यंत. पोहणं, छातीइतक्या पाण्यापर्यंत. टायपिंगचा क्लास, उजव्या हातापर्यंत. "माझ्याशी संसार तेवढा पुरा करताहेत," ती म्हणायची, "तोही मी मागे लागते म्हणून."

मामाला सिनेमात मी आणलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

आमचा डायरेक्टर चष्म्याच्या दुकानात फ्रेमा विकायचा. कॉलेजात तो माझ्या दोन वर्षं पुढे होता. सहा वर्षं त्याच्या डोक्यात काउबॉयचा सिनेमा होता. वाळवंट, ओसाड स्टेशन, दरोडेखोर, घोडे. गावाबाहेर एक बंद पडलेली दगडाची खाण होती, तिला त्याने वाळवंट मानलं. जवळचं होतं नव्हतं ते कॅमेऱ्याच्या भाड्यात गेलं, त्यामुळे बाकी सगळे फुकट. दरोडेखोरांचा म्होरक्या दातांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता, आणि गुत्त्याची मालकीण दिवसा बसमध्ये तिकिटं फाडायची. शूटिंग फक्त रविवारी. टोप्या आम्ही खळ घालून ताठ केल्या होत्या. अकरा वाजता उन्हात घामाने त्यांच्या कडा लोंबायला लागायच्या, मग दरोडेखोर सावलीत जाऊन बसायचे. घोडा एकच होता, तोही बागेत पोरांना बसवून फोटो काढायच्या धंद्यातला. त्यामुळे समोर कॅमेरा आला रे आला की तो पाय जुळवून पुतळ्यासारखा उभा राहायचा. घोडेवाला म्हणायचा, "शिकवलेलाच आहे तसा. त्याचं काय चुकलं?"

माझ्याकडे कंटिन्युइटीचं काम होतं. एकाच प्रसंगाचा अर्धा भाग आज घेतला आणि उरलेला महिन्याने, तर मधल्या काळात टोपीची कड, शर्टाचं बटण, पेला कोणत्या हातात होता, हे सगळं जसंच्या तसं राहायला हवं. मी ते वहीत लिहायची आणि फोटो काढून ठेवायची. "तू साहित्य शिकलेली," डायरेक्टर म्हणाला होता, "तुला बारीकसारीक बघायची सवय आहे."

मामा पहिल्यांदा आला तो लाकडी पिस्तुलं घेऊन. त्याने ती इतकी हुबेहूब पोलादी रंगवली होती की कंपाउंडरने एक घेऊन आधी वजन बघितलं. त्या दिवसांत कारखान्यात रंग वाळवायची नवी भट्टी बसवायचं काम चाललं होतं, बूथ पंधरा दिवस बंद होता, आणि मामाने आयुष्यात पहिल्यांदाच गंमत म्हणून दाढी वाढवली होती. करडी, गालांवर विरळ, हनुवटीवर दाट. तो एका दगडावर बसून पिस्तुलं पुसत होता. डायरेक्टर त्याच्याकडे बघतच राहिला. मग मला हळूच म्हणाला, "स्टेशनमास्तर मिळाला."

ओसाड स्टेशनचा मास्तर. दोन वाक्यं आणि एक मरण. दोन वाक्यं आम्ही त्याच दिवशी घेतली. मामा पहिल्या तीन वेळा वाक्य विसरला, चौथ्या वेळी असं बोलला की सगळे गप्प झाले. मरणाचा सीन पुढच्या महिन्यात होणार होता. निघताना मी फोटो काढला, वही मिटली आणि म्हटलं, "मामा, आता मरेपर्यंत दाढी काढायची नाही."

"कुणाच्या मरेपर्यंत?"

"स्टेशनमास्तरच्या."

"मग ठीक आहे," मामा म्हणाला. "तो मेला की दुसऱ्या दिवशी काढतो."

मास्कची गोष्ट मला माहीत होती. त्या घटकेला आठवली नाही. आणि नंतर आठवली तेव्हा मी विचार केला की एक महिन्याचा तर प्रश्न आहे.

एका महिन्याचे चार झाले. कधी घोडा लंगडला, कधी कंपाउंडरला सुट्टी नाही, कधी खाणीत कुणी ट्रक लावून ठेवलेले. मामा दर शनिवारी मी दिलेला फोटो आरशाच्या कोपऱ्यात खोचून, कातरीने दाढी त्या मापाची करायचा. बूथमध्ये मास्कच्या वर एक रुमाल बांधायचा, म्हणायचा, तेवढ्याने भागतं. त्याला खोकला लागला. मामी हसत सांगायची, "ह्यांनी आज कोणता रंग मारला ते मला विचारावं लागत नाही. रुमाल बघितला की कळतं." मीही हसले होते.

चौथ्या महिन्यात डायरेक्टरने मला दुकानात बोलावलं. एका गिऱ्हाइकाच्या फ्रेमचा स्क्रू आवळता आवळता तो म्हणाला, "मास्तरच्या मरणाचा सीन काढून टाकलाय. गोळीचा आवाज नुसता बाहेरून येईल. सिनेमा तिथे फार रेंगाळतो."

"मामाने किती महिने..."

"माहितीये गं. पण त्यांना आत्ता नको सांगू. वादळ होऊ दे आधी."

वादळ म्हणजे धुळीचं वादळ. त्यासाठी मामाच्या कारखान्यातला जुना कॉम्प्रेसर हवा होता, आणि तो मामाच्याच शब्दावर मिळणार होता. सीन कापलाय हे कळल्यावर मामा कॉम्प्रेसर नाकारेल, असं आमच्यापैकी कुणालाही वाटत नव्हतं. मामा तसा माणूसच नव्हता. तरी उगाच कशाला, असा आमचा हिशेब होता.

मी बरं म्हटलं. गिऱ्हाइकाने चष्मा लावून आरशात पाहिलं, मला विचारलं, "शोभतो ना?" आणि मी त्यालाही बरं म्हटलं.

त्याच शनिवारी मात्र मी मामाकडे गेले, सांगायचंच असं ठरवून. मामाने पलंगावरची गादी ओढून बाहेरच्या खोलीत अंथरली होती. मामी उंबऱ्यात गुडघ्यांभोवती हात बांधून बसलेली.

"ये," ती म्हणाली. "तुझा मामा रोज संध्याकाळी मरतो. तू आज वेळेवर आलीस."

"तीन प्रकार काढलेत," मामा म्हणाला. "तू बघ आणि सांग कोणता घ्यायचा."

पहिल्या प्रकारात तो छाती धरून मागे पडला. दुसऱ्यात गोळी लागल्याचं कळायलाच त्याला वेळ लागला; तो टोपी नीट करतो, दोन पावलं चालतो, मग एकदम गुडघ्यांवर बसतो. तिसऱ्यात खूप बोलणं होतं. उठताना तो बराच वेळ खोकला. मामीने पाणी आणून दिलं आणि आत जाता जाता, त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू मला म्हणाली, "एवढी वर्षं झाली, ही पहिलीच गोष्ट त्यांनी मध्येच सोडलेली नाही. बघतेयस ना?"

मामा विचारत होता, "कोणता?"

मी म्हटलं, "दुसरा."

ह्या एका शब्दाकडे मी पुन्हा पुन्हा येते. गप्प राहिले असते तर ते नुसतं लपवणं झालं असतं. मी निवड केली होती, जणू तो सीन होणारच होता. त्यानंतर मामा फक्त दुसराच प्रकार करायचा, असं मामीने सांगितलं. टोपी नीट करायची, दोन पावलं.

वादळाचा रविवार दोनदा पुढे गेला. त्या शनिवारनंतर सहा आठवडे मामा दाढीवर रुमाल बांधून बूथमध्ये जात राहिला. मग सुपरवायझरने त्याला बाजूला घेतलं. "मामा, मला समजत नाही तुमचं काय चाललंय. दाढी तरी काढा, नाहीतर बूथ तरी सोडा." मामाने बूथ सोडला. त्याला घासायच्या टेबलावर बसवलं, जिथे रंग मारायच्या आधी पत्रे पॉलिश पेपरने घासतात. गन एका नव्या माणसाकडे गेली. "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," मामा मला फोनवर म्हणाला. "मास्तर मेला की परत जातोच. तोवर त्या पोराचाही हात बसेल." नंतर म्हणाला, "पोरगं हात फार पळवतं."

मी तेव्हाही सांगितलं नाही. आता सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं तेही सांगावं लागणार होतं, आणि दिवसागणिक ते दुसरं सांगणं मोठं होत चाललं होतं.

वादळ फार सुंदर झालं. मामाने स्वतः कॉम्प्रेसरची नळी धरली, पोत्यातली बारीक माती तो अशी उडवत होता की डायरेक्टर कॅमेऱ्यामागे नुसता "वा, वा" करत होता. घोडा मात्र धुळीतही पाय जुळवून उभा होता. संध्याकाळी सामान आवरताना डायरेक्टरने मला खूण केली. मी मामाजवळ गेले. त्याच्या भुवयांवर, दाढीवर माती होती, आणि तो आता खरोखर कुठल्यातरी ओसाड स्टेशनात आयुष्य काढलेल्या माणसासारखा दिसत होता.

"मामा, तुझा मरणाचा सीन काढून टाकलाय."

तो नळी गुंडाळत होता. "कधी ठरलं?"

"गेल्या आठवड्यात."

"हं," तो म्हणाला. दोन वेढे घातले. "त्याला तसं बरं वाटत असेल तर तसं. त्याचा सिनेमा आहे." आणि मलाच समजावल्यासारखं म्हणाला, "तू काय तोंड पाडून उभी आहेस? तू थोडाच काढलायस."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला त्याने दाढी केली आणि मास्क घेऊन सुपरवायझरपुढे उभा राहिला. बूथमध्ये परत जायचं तर नव्या नियमाने छातीची तपासणी करून घ्यायची होती. दवाखान्यात त्याला एका नळीत फुंकायला लावलं. तीनदा फुंकलं. डॉक्टर म्हणाले, आता रंगाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

मामीने मला काही विचारलं नाही. मामाच म्हणाला, "बत्तीस वर्षांचा रंग आहे छातीत. दाढीने काय होतंय? ती निमित्त." डॉक्टरांनी म्हणे किती भाग कशाचा, हे सांगता येत नाही असं सांगितलं होतं. ते वाक्य मी घरी आणलं आणि बरेच दिवस त्याच्या आधाराने राहिले. किती भाग कशाचा, सांगता येत नाही. पण सहा आठवडे कुणाचे, ते सांगता येत होतं.

सिनेमा पुरा झाला. त्यात मास्तर दोन वाक्यं बोलतो, आणि अर्ध्या तासाने बाहेर कुठेतरी गोळीचा आवाज येतो. मामाला दाखवायच्या आधी मी कारखान्यात गेले. जेवणाची सुट्टी संपत आली होती. तो खिडकीजवळच्या टेबलावर एकटा, कपाटाचं एक दार आडवं ठेवून घासत होता. पलीकडे काचेच्या खोलीत नव्या माणसाचा हात हलत होता. मामाची तिकडे पाठ होती.

"ये," तो म्हणाला. "झाला का तुमचा पिक्चर?"

"मामा, तो सीन गेल्या आठवड्यात नव्हता काढला. म्हणजे, मी सांगितलं त्याच्या आदल्या आठवड्यात नाही. मला अडीच महिने आधी माहीत होतं."

त्याचा हात थांबला.

"कॉम्प्रेसरसाठी?"

"हो."

"मी गादीवर पडून दाखवलं तेव्हा?"

"तेव्हा माहीत होतं."

"आणि तू दुसरा म्हणालीस."

"हो."

तो मनात दिवस लावत असावा. ओठ किंचित हलत होते. "तेव्हा मी अजून बूथमध्ये होतो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. नळाला पाणी कधी आलं ते आठवून सांगावं, तसा. "त्यानंतर सहा आठवडे होतो."

मी काहीतरी बोलायला लागले. माफी होती, कारणं होती, डॉक्टरांचं ते वाक्यही होतं. मामाने पॉलिश पेपर उलगडला, झिजलेली बाजू आत घालून पुन्हा घडी केली आणि दारावर वाकला.

"थोडी बाजूला हो," तो म्हणाला. "उजेड अडतोय."

मी बाजूला झाले. तो घासत राहिला, आणि घंटा होईपर्यंत मी तिथेच उभी होते.