सरांच्या कागदावरचा चष्मा

भुताखेतांच्या वाटेला मी कधी गेलो नाही. विरारला फुलपाड्यात राहतो, विम्याचे क्लेम तपासतो... म्हणजे संशय घेणं हाच माझा धंदा. तरी हे लिहितोय, कारण तीन महिने डोकं खाजवून झालंय.

माणिकपूरच्या एका चर्चच्या हॉलमध्ये आमचा हौशी ऑर्केस्ट्रा रविवारी जमतो. बावीस जण. मी शेवटच्या रांगेतला व्हायोलिनवाला, शिवाय सगळ्यांचे नोटेशनचे कागद सांभाळणारा. आमचे सर रिटायर्ड संगीतशिक्षक. त्यांनी सहा-सातशे वर्षांपूर्वीच्या इटालियन कवितांवरून वीस मिनिटांची रचना लिहिली. त्या कवितांत म्हणे प्रत्येक गोष्टीला आणखी एक अर्थ – गुलाब म्हणजे स्वर्ग, आणि प्रेयसीने जाता जाता केलेला नमस्कार म्हणजे मुक्ती. शेवटी आम्ही सगळे थांबतो, बासरी एकटी तीन सूर वाजवते – तो नमस्कार – आणि समोर उभ्या सरांचा हात खाली आला की सगळ्यांनी एकदम सुरांत यायचं.

तिथेच घोडं अडायचं. सरांचा हात वरच राहायचा. त्यांच्या मिसेस, रेजिनाबाई, आदल्या वर्षी गेल्या होत्या. नमस्कार कोणाचा हे आम्हाला कळत होतं, पण बोलणार कोण? तीन रविवार तिथेच फज्जा उडाला. कार्यक्रम बाईंना वर्ष झाल्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाल्यावर होता. तेव्हाही बिघडलं तर यापुढे एक सूर लिहिणार नाही, असं सरांनी सांगून टाकलं होतं. मला फार वाईट वाटलं.

पूर्वी सगळ्यांचे कागद बाईच हाताने उतरवायच्या. जिथे सरांकडे बघायलाच हवं, तिथे पेन्सिलीने छोटा चष्मा काढायच्या. वाजवणाऱ्यांची ही जुनी खूण. डाव्या काचेतलं टिंब मात्र बाईंचं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सरांनी दोन ओळी वाढवल्या. म्हणून त्या रविवारी सकाळी मी स्टेशनजवळच्या दुकानात उभं राहून सगळं नव्याने छापून घेतलं, सरांची प्रतसुद्धा. एकेक पान तपासलं, पेन्सिलीची एकही खूण नव्हती; रिक्षाने हॉलवर आलो, कागद स्टँडवर लावले आणि मिस्सा संपेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

वाजवता वाजवता शेवटचं पान आलं. बासरीच्या तीन सुरांपाशी पेन्सिलीचा चष्मा, डाव्या काचेत टिंब. मी दचकून वर बघितलं. सगळ्यांच्याच माना वर होत्या. सरांचा हात खाली आला... आणि आम्ही एकदम आलो.

नंतर कागद गोळा केले. बावीसच्या बावीस प्रतींवर चष्मा! सगळ्यांनी माझीच पाठ थोपटली. मी नाही म्हटलं तर हसले. एका चष्म्याच्या कडेला रबर लावून बघितलं – साधी पेन्सिल, पुसली जाते. पुढे पुसायचा धीर झाला नाही.

सरांना सांगायला गेलो, तर त्यांनी आपली प्रत पुढे केली. त्याच जागी चष्मा. आता, चष्मा दिसला की आम्ही सरांकडे बघायचं. सरांनी कोणाकडे बघायचं?

"मी पन वर बघितलं," सर म्हणाले. "तुझ्या मागं."

माझ्या मागे नुसती भिंत आहे. हा क्लेम टेबलावर आला असता तर मी नामंजूर केला असता. आता दर रविवारी त्या जागी सर माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतात आणि त्यांचा हात बरोबर खाली येतो. मी अजून एकदाही मागे वळलेलो नाही.