कमळूआत्याच्या रेकॉर्डवरची बुरशी

कमळूआत्याने माझ्या कानाखाली आवाज काढला, त्या क्षणी माझं सगळं बदललं.

काल दुपारी ती गेली.

कमळूआत्या म्हणजे प्राचीची आत्या. राहायची बदलापूर गावात. आगरी लग्नांत धवले गाणारी, धवलारीण. आसपासच्या किती नवऱ्यांना तिच्या आवाजात हळद लागली असेल, देव जाणे.

आणि प्राची म्हणजे... जाऊ दे. माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या सगळ्यांना माहितीये.

कॉलेज मी सेकंड इयरला सोडलं. सरांशी राडा झाला, बॅग उचलली, परत गेलो नाही. घरी बुवापाड्यात बोलणी खायची आणि दिवसभर कॅम्प दोनच्या सिंधी वस्तीत अंकलच्या दुकानात जुने रेडिओ, टर्नटेबल दुरुस्त करायचे. अंकल सिंधी, वयस्कर, तोंडाने फटकळ.

एक दिवस प्राचीचा फोन. "आत्याची एक रेकॉर्ड आहे. तरुणपणी तिने गायलेला धवला आहे त्यावर. पुराच्या पाण्यात भिजली, लेबलवर बुरशी आलीय. तुला जमेल?"

तिने चंद्राला पॉलिश मारायला सांगितलं असतं तरी हो म्हणालो असतो.

गेलो. आत्याने पेटीतून रेकॉर्ड काढली. मधलं गोल लेबल दिसतच नव्हतं. नुसती करडी-हिरवी लव.

प्राची बघत होती, म्हणून मी फुल कॉन्फिडन्समध्ये रुमाल ओला केला आणि घासला.

सण्णकन.

"माजा नाव हाय त्यावर! पुसतस काय रं मुडद्या?"

रुमालावर लाल शाई आली होती. प्राची तोंडावर हात ठेवून हसत होती.

माझ्यावर हात उचलून कोणी सुखरूप गेलेलं नाही. पण त्या दिवशी गाल धरून गप्प बसलो. कारण म्हातारी थरथरत होती. रागाने नाही. भीतीने.

आत्याला वाचता येत नव्हतं. रेकॉर्ड आणून देणारा माणूस म्हणाला होता, "बाई, तुमचं नाव छापलंय यावर." एवढ्यावर ती आयुष्यभर ती जपत आली होती.

अंकलना सांगितलं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "पुट, बेटा, कागज है वो, कढ़ाई नहीं. पहले सूखने दे. फिर ब्रश. फिर बस छूना है, घिसना नहीं."

मग दर रविवारी बदलापूर.

रेकॉर्ड आधी सावलीत वाळवली. मग अंगणात, नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने बुरशी झाडली. ब्रश प्राचीच्या मेकअपचा होता. ("परत नकोय मला तो," ती म्हणाली. अजून माझ्याकडे आहे.) मग इअरबडवर पाणी आणि स्पिरिटचा अगदी ओलावा. टेकवायचा, उचलायचा, लगेच कोरड्या कापसाने टिपायचं. शाई सुटतेय वाटलं की थांबायचं.

मी. थांबायचो. मला ओळखणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.

आत्या शेजारी बसून असायची. "दिसला का रं?"

"अजून नाही, आत्या."

आणि मग हळूहळू त्या घाणीतून लाल रंग वर यायला लागला. इतका लाल, की आत्या पुढे वाकून बघायला लागली. मग अक्षरं. बुरशीचा डाग राहिला, पण त्याच्या खालून अक्षरं आली. एवढी वर्षं तिथेच होती ती, काळोखात.

वर गाण्याचं नाव. खाली, संगीत अमुक अमुक. त्याच्याखाली, "आणि मंडळी".

बस.

प्राचीने माझ्याकडे बघितलं. मी प्राचीकडे.

"वाच ना रं," आत्या म्हणाली.

खोटं बोलता आलं असतं. पण माझं डोकं फिरलं. "आत्या, साल्यांनी तुमचं नावच नाही टाकलं! कोण होता तो माणूस? गाव सांगा त्याचं, आत्ता जातो!"

"बस खाली."

बसलो.

आत्याने लेबलवरून बोट फिरवलं. बराच वेळ. "बुरशी व्हती त्याच बरा व्हता," ती म्हणाली.

मग डोळे पुसून, "लाव."

दुकानातून टर्नटेबल आणलं होतं. सुई ठेवली. खरखर, आणि मग एक पोरगी गायला लागली. विशीतली असेल. मागे साथ नव्हती तिथेही तो आवाज एकटा, ताठ उभा. बाजूला सत्तरीची आत्या तिच्यासोबत गुणगुणत होती, आणि मधेच त्या पोरीला म्हणाली, "हितं श्वास चुकला बग तुजा."

मी आयुष्यात एवढं मोठं काही बघितलेलं नाही.

ही पोस्ट त्यासाठीच. नीट वाचा. त्या रेकॉर्डवर गायलंय कमळाबाईने. बदलापूरच्या धवलारणीने. मंडळी-बिंडळी कोणी नव्हतं.

आज सकाळी आत्याच्या घरी गेलो. टर्नटेबल घेऊन ये, असा प्राचीचा फोन आला होता. बायका भिंतीला टेकून बसलेल्या. प्राचीने रेकॉर्ड आणून हातात दिली. "ती सांगून गेलीय. लावायची."

तिचे बाबा उसळले. "मयताच्या घरात लग्नाचं गाणं? लोक काय बोलतील?"

माझ्या तोंडाशी शिवी आली होती. प्राचीच बोलली. "बाबा, तिचा आवाज आहे तो. दुसरा कुठे आहे आपल्याकडे?"

बाबा बाजूला झाले. मी सुई ठेवली.

पहिली ओळ झाली. आणि कोपऱ्यातल्या दोन म्हाताऱ्यांनी, ज्या लग्नांत तिच्यामागे गायच्या, रडत रडत दुसरी ओळ उचलली. मग तिसरीने. मग सगळ्या बायकांनी. प्राचीचे बाबा जमिनीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले.

प्राचीचं लग्न ठरलंय, चिखलोलीच्या एका मुलाशी. तिच्या हळदीला आत्या हवी होती. प्राची फिरणाऱ्या लेबलकडे एकटक बघत होती. माझ्याकडे नाही. बरोबरच होतं.

टर्नटेबल तिथेच ठेवलं. अंकलच्या शिव्या उद्या खाईन.

चपला घातल्या. आत गाणं चालू होतं.

"आत्या, येतो," म्हणालो, आणि दार हळूच ओढून घेतलं.