कथबर्टची सेंट जॉर्जेसची सहल

लिस्ट्रा एनोने कॅरिआकू बेटावर सगळा जन्म शाळेचे गणवेश शिवण्यात घालवला. नवरा कथबर्ट होड्या बांधायचा, पण होड्यांपेक्षा बाताच जास्त मारायचा. राजधानी सेंट जॉर्जेस बोटीने अर्ध्या दिवसाच्या आत येते. तरी लग्नानंतर लिस्ट्रा तिथे गेली ती सासूच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला, नाहीतर दिराच्या मयताला.

इंग्लंडहून परतलेल्या एका शेजाऱ्याने बायकोला राजधानीत दोन दिवस फिरवून आणलं. झालं! कथबर्टने रमच्या दुकानात छाती पुढे काढली. "मीही नेतो माझ्या बाईला. आम्ही दोघंच!"

बेत आखला तो दुकानातल्या रिकामटेकड्यांनी. लिस्ट्राला तो ऐकायला मिळाला थेट जेवताना.

"इस्लिनकडे उतरू," कथबर्ट म्हणाला. इस्लिन त्याची बहीण. "तिला तुरीच्या शेंगांचं पोतंही पोचवायचंय."

"तिच्याकडे नातवंडांचा बाजार भरलाय. झोपायचं कुठे, पोत्यावर?"

"तू पोरांकडे बघ. तेवढ्यात मी इंजिनाचा पंप घेऊन येतो. रंगाचे डबेही आणायचेत."

"मग यात जोडपं कोण? तू आणि पंप?"

"तुला कशाचं कौतुकच नाही!"

"कौतुक करायला आधी काहीतरी केलेलं असावं लागतं, कथबर्ट."

तरी ती निघाली. चर्चला जायचा निळा झगा घातला, टोपी घातली. बोटीवर कथबर्ट पोत्याला टेकून घोरत होता. समुद्र उसळला तसं पोतं सरकलं आणि हा पठ्ठ्या त्याच्याबरोबर सरकत गेला, तरी उठला नाही. लिस्ट्राने मान दुसरीकडे फिरवली. असल्या माणसाबरोबर आपण आलोय हे कुणाला कळू नये, एवढंच तिला वाटत होतं.

धक्क्यावर उतरताच कथबर्ट म्हणाला, "तू इस्लिनकडे हो पुढे. मी पंपाचं बघतो."

"बघ हो, बघ," लिस्ट्रा म्हणाली. पोतं तिने त्याच्याच खांद्यावर ठेवलं, आणि इस्लिनच्या उलट्या दिशेने चढ चढून एका खानावळीत खोली घेतली. खिडकीतून सगळं बंदर दिसत होतं. शिवणाच्या पैशांतून तिने तळलेला मासा आणि जायफळाचं आइस्क्रीम मागवलं.

अंधार पडायच्या सुमाराला कथबर्ट शोधत शोधत आला. अंगाला घाम, हातात डबे, काखेत पंप.

"इथे काय करतेस? इस्लिन वाट बघतेय!"

"सहलीला आलेय."

मालकीण दारात उभी होती. तिने नम्रपणे विचारलं, "हे तुमचे यजमान का?"

लिस्ट्राने त्याला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "आहेत. पण रंगाचे डबे बाहेर ठेवायला सांगा."

कथबर्ट आत आला, खुर्चीत बसला आणि "जेवायला काय आहे?" एवढं विचारून झोपी गेला. लिस्ट्राने त्याच्या वाट्याचं आइस्क्रीमही स्वतःसाठीच मागवलं, आणि खिडकीत बसून बोटींचे दिवे बघत चवीने संपवलं.