डब्यातला गणपती

काय शूर होते मी तरुणपणी! ह्यांची नजर अधू होत चालली, तेव्हा मी थेट गणपतीलाच वेठीला धरलं. पाणी भरलेल्या पितळी डब्यात बुडवला आणि दम दिला, "ह्यांचे डोळे बरे कर, मगच बाहेर!"

तळवलीत आमच्या दारावर रोज एक कोळीण यायची. नाव कधी विचारलं नाही. तिच्या मनगटावर चिकटलेला चमचमता खवला मात्र आठवतो. एकदा पाणी प्यायला टेकली आणि देव्हाऱ्यातला डबा बघून खदखदून हसली. "बाय, देवाला सर्दी व्हईल ना!"

मग मनगट पुसत म्हणाली, "माजा घरवाला खाडीत गेला तवा मीपन देव बुडवला व्हता. तो नाय आला. मंग देवाला काढला, पदरानं पुसला. बोलले, घरातला येक बुडाला, तू तरी कोरडा रव."

"राग नाही आला, मावशी?"

"येतो ना! रोज भांडते. पन त्याच्या मनात काय हाय ते तोच जाने. वाईट नसंल, येवडं मला ठावं हाय."

त्याच दुपारी मी गणपती बाहेर काढला. ह्यांची नजर काही आली नाही. पण अहो, आजही पूजेनंतर देव हेच पुसतात, बोटांनी चाचपून! आत्ताच ओरडले, "अगं, सोंडेखाली ओलं राहिलंय!"