तारेच्या आत जन्मलेले आबा

शुभ्राकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आखाती देशातल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या ओळखीच्या बायका, पोरं, आंब्याची डाळ, पन्हं. निघायच्या वेळी शुभ्राची पाटली सापडेना. सगळ्याजणी सोफ्याच्या उशा उचलू लागल्या आणि कुणी काही म्हणायच्या आतच विभावरीने आपली पर्स टीपॉयवर उलटी केली.

"अगं, हे काय!" शुभ्रा ओशाळली. "तुझं नाव कुणी घेतलं का?"

पाटली बेसिनपाशी सापडली. पण परतताना अवनीने विचारलंच, "ममा, व्हाय डिड यू डू दॅट? नोबडी आस्क्ड यू."

विभावरी बिल्डिंगखालच्या बाकावर बसली. लग्न झाल्यापासून गिळून ठेवलेलं सगळं तिने लेकीला सांगितलं. ती सोलापूरची, पारधी. इंग्रजांनी कायदा करून अख्ख्या जमातीच जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, माणसं तारेच्या कुंपणात कोंडली, रोजची हजेरी लावली. तिचे वडील, आबा, त्या सेटलमेंटमध्येच जन्मले. आईबापाचं वळण लागू नये म्हणून त्यांना लहानपणीच आईपासून तोडून बोर्डिंगात घातलं. पुढे इंग्रज गेले, कायदाही गेला. तरी कुठे चोरी झाली की पोलीस आधी यांच्या दारात. मग विभावरीची आई झडतीआधीच घरातले डबे अंगणात उघडे करून ठेवायची. तेवढाच मार कमी बसे.

"दॅट्स लाइक ऑस्ट्रेलिया," अवनी हळूच म्हणाली. तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं सरकारने कशी उचलून नेली, हे तिला नुकतंच शाळेत शिकवलं होतं. "मिस सेड, दे वॉन्टेड देम टू फर्गेट देअर मदर्स."

पुढच्याच आठवड्यात अवनीने वर्गात उभं राहून आपल्या आजोबांची गोष्ट सांगितली. शुभ्राची मुलगी त्याच वर्गात होती. त्यानंतर बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप एकाएकी थंडावला. विभावरीला वाटलं, परीक्षा आल्यात. मग कळलं, नवा ग्रुप झालाय, तिला वगळून.

तिचा नवरा राजन भडकला. "खलास! इतकी वर्षं माझ्या आडनावावर सुखाने चाललं होतं ना? कशाला उकरून काढलंस?"

"सुखाने?" विभावरी म्हणाली. "राजन, पर्स उलटी कर असं मला कुणी सांगितलं नव्हतं रे. हात आपोआप गेला."



शनिवारी तिने सोलापूरला फोन लावला, स्पीकरवर टाकला. आबा बोर्डिंगबद्दल आजवर कधी बोलले नव्हते. अवनीने मोडक्या मराठीत विचारलं, "आबा, तुमची आई तुम्हाला भेटायला यायची?"

"यायची. बोर्डिंगच्या तारेपल्याड उभी राहायची. आमच्या बोलीत हाक मारायची, अन् मी वळून बघायचो नाही. त्या बोलीत ओ दिली की मास्तर मारायचे."

"कशी हाक मारायची?"

म्हाताऱ्याने ती हाक मारली. पारधी बोलीत, मोठ्याने, गळा काढून. विभावरीने ती बोली त्यांच्या तोंडून जन्मात ऐकली नव्हती.

राजन उठला आणि शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून त्याने बाल्कनीचं दार लावून घेतलं.