रंभाकाकींची बधिर बोटं

ओवे गावातल्या रंभाकाकींचा अंडाशयाचा कॅन्सर दोन वर्षांनी उलटला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना औषधाच्या एका चाचणीत येणार का, असं विचारलं. निम्म्या बायकांना नेहमीची केमो, निम्म्यांना केमोबरोबर अँटिबॉडीचं औषध. कुणाला काय, ते चिठ्ठी काढल्यासारखं कॉम्प्युटर ठरवणार.

सून समीक्षा संमतीची पानं वाचू लागली. काकींनी तिला थांबवलं आणि नर्स मनिषाला म्हणाल्या, "बाय, तू सांग. मना समजंल तवाच सही करीन."

मनिषाने तासभर समजावलं. शेवटी काकींनी विचारलं, "मधीच नको वाटलं तर?"

"तर सोडायचं. उपचार थांबत नाहीत."

चौथी शिकलेल्या काकींनी मग पानापानावर सावकाश सही केली.

त्यांच्या वाट्याला दोन्ही औषधं आली. अँटिबॉडीने रक्तदाब चढतो म्हणून त्या रोज सकाळी तो मोजून वहीत लिहीत. चौथ्या महिन्यात पोटातलं पाणी ओसरलं, रक्तातला कॅन्सरचा आकडा निम्म्यावर आला. काकी पुन्हा विळीवर बसू लागल्या.

एकदा बोंबील कापताना समीक्षाला परातीत रक्त दिसलं. अंगठा चांगलाच चिरला होता आणि काकींना पत्ताच नव्हता.

"आई, हे कधीपासून?"

"दोन महिनं झालं. कुठं बोलू नको. औषद बंद करतील."

पुढच्या केमोला त्या पट्टी पदराखाली झाकून बसल्या. "हातपाय बधिर होतात का?" मनिषाने नेहमीप्रमाणे विचारलं. "नाय," काकी म्हणाल्या. शेजारच्या खुर्चीत चारुता होती, खारघरची शिक्षिका, चाचणीत नुकतीच आलेली. तिने हळूच विचारलं, "काकी, खरंच काही त्रास होत नाही ना? माझं आजच सुरू होतंय."

काकींना तिच्याकडे बघवेना. त्यांनी पदर बाजूला केला.

"होतो, बाय. बोटं मेल्यागत होतात. मनिषा, लिव. मगाशी मी खोटं बोलले."

औषध बंद झालं नाही, केमोचा डोस तेवढा कमी झाला. गाठी अकरा महिने दबून राहिल्या. मग वाढल्या आणि काकी चाचणीतून बाहेर पडल्या. आता त्यांना दुसरी केमो चालू आहे. थकवा फार येतो. मासळी समीक्षाच कापते.

परवा चारुताचा फोन आला. तिच्या बोटांना मुंग्या येत होत्या. सोमवारी तपासणी होतीच, तेव्हा सांगीन म्हणत होती.

"सोमवार कशाला?" काकी म्हणाल्या. "फोन ठेव आनि मनिषाला लाव."