गिरणीच्या वर, गिरणीच्या खाली

एका पुराव्यावर विश्वास न ठेवणारा असा माणूस चांदा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि नेमका तोच माझा साडू निघाला. शाळेत शास्त्र शिकवायचे. वरण खारट लागलं, तर शेजारचं वाटीभर वरण चाखल्यावाचून बायकोला बोल लावत नसत. मला ताप आला तेव्हा थर्मामीटर माझ्यानंतर माझ्या धडधाकट बायकोलाही लावायला दिलं. "तापलेला कोण हे समजाले न तापलेलं माणूस पायजे ना, भाऊ!"

गावाबाहेरच्या नाल्यावर एका शेठची धानाची गिरणी होणार असं कानावर आलं, आणि साडू धोतर खोचून पाण्यात उतरू लागले. गिरणीच्या जागेच्या वर, खाली, शिवाय पोंभुर्ण्याच्या वाटेवरच्या भलत्याच नाल्यातही. दगड उलटायचे, खालच्या गोगलगायी, झिंगे न्याहाळायचे, दगड होता तसा ठेवायचे. मासे धरणारी ढिवरीण एकदा म्हणालीच, "मास्तरभाऊ, दगडाखाली का शोधून राह्यले जी? बाई रुसून गेली का?"

गिरणी सुरू झाली. धान उकडल्याचं आंबूस पाणी नाल्यात पडू लागलं आणि उन्हाळ्यात खालच्या अंगाला मासे उलटे तरंगले. ढिवरांच्या चुली थंडावल्या. शेठ म्हणाले, "उन्हाळा आहे. मासे मरतेतच."

"मंग तिकडच्या नाल्याले उन्हाळा नाई का?" म्हणत साडूंनी शेठना बैलगाडीत घालून पोंभुर्ण्याच्या वाटेला नेलं आणि त्यांनाच दगड उलटायला लावले. प्रत्येक दगडाखाली वळवळ! शेठ अगदी रमून गेले. परतल्यावर गिरणीच्या वरच्या अंगाचा दगड उचलला. तिथंही जीव होता. मग खालचा. काळा गाळ, आणि असा वास की शेठच्या हातून दगडच सुटला.

"मास्तर, गिरणी होण्याच्या आधी ते वळवळणारं इथीबी होतं?"

"होतं ना जी. म्या पाह्यलं हाय."

शेठनी सुटलेला दगड उचलून होता तसा ठेवला. पुढच्याच आठवड्यात त्यांनी गिरणीचं पाणी मुरवायला बांधापलीकडं खड्डे खोदवले. वर्षभरात झिंगे परतले. गाव खूश, साडू मात्र "अजून एक उन्हाळा पाहू द्या" म्हणत राहिले. तो उन्हाळा यायच्या आत त्यांची गडचिरोलीला बदली झाली.

मोटार सुटताना ती ढिवरीण धावत आली. पळसाच्या पानांत बांधलेले मासे तिनं खिडकीतून आत दिले. "गिरणीच्या खालचे हायेत, भाऊ."

आमच्या दोन्ही घरांत मासा कधी शिजला नव्हता. मेव्हणीनं नाकाला पदर लावला. साडूंनी मात्र ती पुडी दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती, आणि मोटार वळणाआड जाईपर्यंत ते आमच्याकडे नव्हे, नाल्याकडे पाहत होते.